डीबगरमधील ऋण ऑफसेट : चूक ओळखावी कशी आणि दुरुस्त करावी कोठे

मीरा रोड आणि भाईंदर येथील अभियांत्रिकीचे विद्यार्थी, तसेच येथून रोज सकाळी अंधेरी-मालाडच्या बाजूस कामाला जाणारे तरुण प्रोग्रामर, यांच्याकडून येणाऱ्या शंकांमध्ये एक शंका निरनिराळ्या वेषांत पुन्हा पुन्हा भेटते. कोणी लिहितात की, स्वतः लिहिलेल्या लहानशा डीबगरात फंक्शनला दिलेली मूल्ये बरोबर दिसतात, पण त्याच फंक्शनातील स्थानिक चलांच्या जागी कचरा दिसतो. कोणी लिहितात की, एका यंत्रावर निर्वेध चाललेला डीबगर दुसऱ्या यंत्रावर नेताच चार गिगाबाइट दूरचा पत्ता दाखवतो. आणि कोणाची तक्रार अशी की, कॉल-शृंखलेची पहिली पायरी दिसते आणि पुढे सारा अंधार होतो. वरवर पाहता ही तीन वेगवेगळी दुखणी वाटतात, परंतु बहुतेक प्रसंगी त्यांचे मूळ एकच असते : पायापासून मागे जाणारे, म्हणजे ऋण चिन्हाचे, अंतर डीबगराने धन समजून वाचलेले असते.

पॉइंटरचा ऑफसेट म्हणजे एखाद्या पायाभूत पत्त्यापासूनचे अंतर, आणि अंतराला दिशा असते. मीरा रोडपासून एक स्थानक, एवढेच सांगितल्याने प्रवासी भाईंदरला उतरेल की दहिसरला, हे ठरत नाही; तसेच स्टॅकमधील पायापासून वीस बाइट म्हटल्याने चल कोठे आहे हे कळत नाही. ही दिशा बिटांच्या अंगावर लिहिलेली नसते. तेच आठ बिट एका करारानुसार २३६ होतात आणि दुसऱ्या करारानुसार उणे २० होतात. म्हणून ज्या ठिकाणी बिट वाचले जातात त्याच ठिकाणी त्यांची रुंदी आणि त्यांचे चिन्ह निश्चित करावे, आणि पुढे कोठेही त्याविषयी अंदाज बांधू नये, हा या लेखाचा एकमेव आग्रह आहे. खालील सर्व पायऱ्या त्याच्याच तपशिलाच्या आहेत.

१. प्रथम फरक मोजा

कोडमध्ये फेरफार करण्यास आपण हात घालण्यापूर्वी एक वजाबाकी करावी. बरोबर पत्ता कोणता असायला हवा होता हे हाताने काढावे, डीबगराने दाखवलेल्या पत्त्यातून तो वजा करावा, आणि येणारा आकडा पुढील यादीशी ताडून पाहावा. ही वजाबाकी पाच मिनिटांची आहे, आणि ती न करता केलेली दुरुस्ती पुष्कळदा भलत्याच फाइलमध्ये होते.

- २५६ : आठ बिटांचे चिन्हांकित अंतर चिन्हरहित वाचले गेले.
- ६५,५३६ : सोळा बिटांच्या अंतराबाबत तीच चूक.
- ४,२९,४९,६७,२९६ : बत्तीस बिटांच्या अंतराबाबत तीच चूक. ‘चार गिगाबाइट दूर’ ही तक्रार येथली.
- १२८ किंवा १६,३८४ : ड्वार्फ या स्वरूपातील डीबग माहितीत असणारी बदलत्या लांबीची संख्या चुकीच्या रीतीने उलगडली गेली. एका बाइटच्या संख्येत १२८ चा आणि दोन बाइटांच्या संख्येत १६,३८४ चा फरक पडतो.
- ४,०९६ : बारा बिटांचे अंतर, जसे रिस्क-फाइव्ह प्रोसेसरच्या लोड आणि स्टोअर आज्ञांत असते.
- १,०२४ : चौसष्ट बिटांच्या आर्म प्रोसेसरवरील, एकाच वेळी दोन आठ-बाइटी रजिस्टरे साठवणाऱ्या आज्ञेतील सात बिटांचे अंतर. सात बिटांमुळे १२८ आणि आठने गुणल्यामुळे १,०२४.

फरक यांपैकी कोणताच नसेल, तर दोष बहुधा चिन्हाचा नव्हे. तो नेमका १६ असेल तर आपण दोन वेगळे पाये एकमेकांत मिसळले आहेत. तो काही थोड्या बाइटांचा आणि चालू आज्ञेच्या लांबीइतकाच असेल, तर आज्ञा-सापेक्ष पत्ता पुढील आज्ञेच्या आरंभापासून मोजण्याऐवजी चालू आज्ञेच्या आरंभापासून मोजला गेला आहे. आणि अंतर चारपट किंवा आठपट झाले असेल, तर घटकांचे अंतर आणि बाइटांचे अंतर यांची गल्लत झाली आहे. असे असेल तर पुढील दुरुस्तीला हात लावू नका.

२. दोष हुकमी दिसेल असा लहान प्रोग्राम तयार करा

मोठ्या प्रोग्रामवर तपास करू नका. सी भाषेत एक फंक्शन लिहा, त्याला सात पूर्णांक मूल्ये द्या, आत दोन-तीन स्थानिक चल ठेवा, आणि चौसष्ट बिटांच्या इंटेल किंवा एएमडी यंत्रावर, लिनक्सवर, डीबग माहितीसह व कोणतेही ऑप्टिमायझेशन न करता, म्हणजे जीसीसी या कंपायलरला ‘-जी’ आणि ‘-ओ०’ हे पर्याय देऊन, तो कंपाइल करा. मूल्ये सातच का, याला कारण आहे. तेथील संकेतानुसार पहिली सहा पूर्णांक मूल्ये रजिस्टरांतून जातात आणि सातवे स्टॅकवर, आरबीपी रजिस्टरच्या १६ बाइट पुढे मिळते. स्थानिक चल मात्र आरबीपीच्या मागे असतात. अशा रीतीने एकाच फंक्शनात धन आणि ऋण अशी दोन्ही अंतरे आपल्याला मिळतात. सातवे मूल्य बरोबर आणि स्थानिक चल चूक, असे दिसले की निदानाला बळकटी येते.

यानंतर पुढील क्रमाने पाहणी करावी :

1. जीडीबी या तयार डीबगरात ‘डिसअसेंबल /आर’ ही आज्ञा द्या. आज्ञांबरोबर त्यांचे मूळ बाइटही दिसतील. आरबीपीच्या २० बाइट मागचे मूल्य ईएएक्स रजिस्टरात आणणारी आज्ञा ‘८बी ४५ ईसी’ अशी दिसते. शेवटचा ‘ईसी’ हा बाइट म्हणजेच ते अंतर : चिन्हरहित वाचल्यास २३६, चिन्हांकित वाचल्यास उणे २०.
2. आरबीपीतून २० वजा करून आलेला पत्ता आणि जीडीबीने दिलेला त्या चलाचा पत्ता हे दोन्ही ‘प्रिंट’ आज्ञेने छापा. ते जुळले म्हणजे तुलनेसाठी एक विश्वासार्ह दाखला आपल्या हाती आला.
3. ‘रीडएल्फ’ या साधनाने ड्वार्फ माहिती उघडा आणि त्याच चलाची नोंद पाहा.
4. आता हीच तीन मूल्ये आपल्या डीबगरात छापा : वाचलेले कच्चे बाइट, उलगडलेले अंतर आणि अंतिम पत्ता. ज्या टप्प्यावर प्रथम विसंगती दिसेल तेथे दोष आहे.

तिसऱ्या पायरीवर अनेक वाचक घाबरतात, कारण आज्ञेत उणे २० दिसत असताना ड्वार्फच्या नोंदीत उणे ३६ दिसते. हा दोष नव्हे. जीसीसी साधारणतः फ्रेमचा पाया म्हणून आरबीपी न घेता फंक्शनला बोलावण्यापूर्वीचा स्टॅकचा पत्ता घेतो. जतन केलेल्या आरबीपीचे आठ आणि परतीच्या पत्त्याचे आठ असे सोळा बाइट मध्ये येतात, म्हणून हा पाया आरबीपीच्या १६ बाइट पुढे असतो आणि त्याच जागेचे अंतर तेथून ३६ भरते. पाया वेगळा म्हणून अंतर वेगळे. येथे ‘दुरुस्ती’ करू गेल्यास चांगला भाग बिघडेल.

३. ऑफसेट कोठून वाचला जातो, त्याची नोंदवही करा

डीबगरात अंतरे एकाच दारातून येत नाहीत, आणि प्रत्येक दाराचा करार निराळा असतो. आपल्या कोडमधील प्रत्येक वाचनस्थळासमोर रुंदी, चिन्ह, गुणक आणि पाया या चार बाबी लिहिलेला तक्ता करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. मुख्य दारे ही :

- यंत्राज्ञेतील अंतर. इंटेल पद्धतीत आठ किंवा बत्तीस बिटांचे, चिन्हांकित. चौसष्ट बिटांपर्यंत चिन्हासह विस्तारावे लागते. उड्यांचेही तसेच : ‘ईबी एफई’ ही दोन बाइटांची आज्ञा स्वतःवरच उडी मारते, कारण एफई म्हणजे उणे २ आणि मोजणी पुढील आज्ञेपासून होते.
- ड्वार्फमधील चलाचे स्थान. फ्रेमच्या पायापासूनचे अंतर चिन्हांकित बदलत्या लांबीच्या संख्येत असते. उणे ३६ हे ‘५सी’ या एका बाइटात मावते. चिन्हरहित वाचल्यास तेथे ९२ दिसेल. उणे २०० साठी ‘बी८ ७ई’ असे दोन बाइट लागतात, आणि चूक झाल्यास तेथे १६,१८४ दिसेल.
- कॉल-शृंखला उलगडण्याची माहिती. रजिस्टरे कोठे जतन केली, हे येथे एका सामाईक गुणकाच्या आधाराने लिहिलेले असते. चौसष्ट बिटांच्या इंटेल पद्धतीत तो गुणक उणे ८ असून ‘७८’ या बाइटाने लिहिला जातो. तो चुकून १२० वाचला गेला तर प्रत्येक जतन केलेल्या रजिस्टरची जागा चुकते आणि शृंखला पहिल्या पायरीनंतर तुटते. फंक्शनांचे पत्तेही येथे पुष्कळदा त्या नोंदीच्या जागेपासून मोजलेल्या बत्तीस बिटांच्या चिन्हांकित अंतराने दिलेले असतात. ‘१बी’ हा संकेत त्याचीच खूण होय.
- सी प्लस प्लसमधील आभासी कोष्टक. एका वर्गाचे दोन पूर्वज असतील, तर दुसऱ्या पूर्वजाच्या कोष्टकात मूळ वस्तूच्या आरंभाकडे नेणारे अंतर असते, आणि ते स्वभावतःच ऋण असते. दुसरा भाग १६ बाइटांवर असेल तर तेथे उणे १६ आढळते.
- वापरकर्त्याने टंकलेला मजकूर. येथे करार आपणच ठरवायचा असतो आणि तो दस्तऐवजात लिहायचा असतो.

४. दुरुस्तीच्या पायऱ्या, त्याच क्रमाने

पहिली : वाचताना नेमक्या रुंदीचा चिन्हांकित प्रकार वापरा. आठ बिटांसाठी ‘इंट८_टी’, बत्तिसांसाठी ‘इंट३२_टी’. नुसता ‘कॅर’ हा प्रकार वापरू नका. तो का वापरू नये हे पुढे येईल.

दुसरी : लगेच चौसष्ट बिटांपर्यंत चिन्हासह विस्तार करा. सात, नऊ किंवा बारा बिटांच्या अंतरांसाठी भाषेत तयार प्रकार नसतो. तेथे पुढील सूत्र निर्धोक आहे : चिन्हाच्या बिटाचे स्थानमूल्य घ्या, वाचलेल्या संख्येशी त्याची ‘एक्सऑर’ क्रिया करा, आणि उत्तरातून तेच स्थानमूल्य वजा करा. उदाहरणार्थ बारा बिटांत ४,०७६ ही संख्या मिळाली. चिन्हाच्या बिटाचे स्थानमूल्य २,०४८. एक्सऑर केल्यावर २,०२८. त्यातून २,०४८ वजा जाता उणे २०. संख्येचे वरचे, आपल्याशी संबंध नसलेले बिट आधी पुसून घ्यावेत, एवढीच अट.

तिसरी : विस्तारानंतरच गुणा. आर्मच्या जोड-आज्ञेतील १२४ हे सात बिट आधी उणे ४ करावेत आणि मग आठने गुणून उणे ३२ मिळवावे. गुणाकार आधी केल्यास चिन्हाचा बिट आपल्या जागेवरून सरकतो आणि ९९२ असे उत्तर येते.

चौथी : बेरीज चिन्हरहित पत्त्यात करा आणि लक्ष्य यंत्राच्या रुंदीपर्यंत छाटा. अंतर चिन्हांकित ठेवावे, पत्ता चिन्हरहित ठेवावा. सी भाषेत चिन्हांकित संख्यांची बेरीज मर्यादेबाहेर गेली तर काय होईल याची हमी भाषा देत नाही. चिन्हरहित बेरीज मात्र निश्चितपणे चक्राकार फिरते, आणि आपल्याला तेच हवे असते. चौसष्ट बिटांच्या डीबगरातून बत्तीस बिटांचा प्रोग्राम तपासत असाल, तर बेरजेनंतर वरचे बत्तीस बिट पुसणे अगत्याचे आहे. यास मिप्स प्रोसेसरचा अपवाद आहे. तेथे बत्तीस बिटांचे पत्तेच चिन्हासह विस्तारण्याची रीत आहे. म्हणून छाटण्याचा नियम प्रत्येक लक्ष्य यंत्रासाठी वेगळा नोंदवावा.

पाचवी : दाखवताना चिन्ह आणि परिमाण वेगळे करा. वापरकर्त्याला ‘आरबीपी उणे २०’ असे दिसले पाहिजे. आरबीपी अधिक एफ-एफ-एफची लांबलचक माळ असे दिसणे गणिताच्या दृष्टीने खरे असले तरी वाचकाच्या दृष्टीने निरुपयोगी असते.

जीडीबीच्या स्वतःच्या कोडमध्ये ही शिस्त नावांतूनच राखलेली आहे. पत्त्यांसाठी तेथे ‘कोअर_ॲडर’ हा चिन्हरहित प्रकार आहे, आणि स्मृतीतून संख्या काढण्यासाठी ‘एक्स्ट्रॅक्ट_साइन्ड_इंटिजर’ व ‘एक्स्ट्रॅक्ट_अनसाइन्ड_इंटिजर’ अशी दोन स्वतंत्र फंक्शने आहेत. कोणते वापरले हे नावावरून दिसते, त्यामुळे तपासणाऱ्याची नजर तेथे आपोआप थांबते.

५. तीन मार्ग, आणि त्यांतून निवड

- जेथे चूक दिसली तेथे प्रकार बदलून घेणे. एका ओळीचे काम. उद्याच निकडीचे प्रात्यक्षिक असेल तर हा मार्ग क्षम्य आहे, पण तेच अंतर दुसऱ्या ठिकाणी वापरले गेले की दोष पुन्हा डोके वर काढतो.
- साठवणाऱ्या रचनेतील प्रकार बदलणे. अंतर धारण करणारे क्षेत्र चिन्हांकित करणे. हा मध्यम मार्ग होय. तो घेताना त्या क्षेत्राशी होणाऱ्या प्रत्येक तुलनेकडे पुन्हा पाहावे लागते, कारण जुन्या तुलना चिन्हरहित गृहीतकावर उभ्या असू शकतात.
- वाचनाचे एकच दार ठेवणे. रुंदी आणि चिन्ह मागणारे एक लहान फंक्शन लिहून सर्व वाचने त्यातूनच करणे. श्रम अधिक, पण दोष एकाच जागी राहतो आणि कसोटीही एकाच जागी लावता येते.

डीबगर एका शैक्षणिक सत्रापुरता असेल तर दुसरा मार्ग घ्यावा. एकाहून अधिक प्रकारच्या प्रोसेसरांवर चालायचा असेल तर निःसंकोचपणे तिसराच घ्यावा.

६. जेथे पाय घसरतो

- ‘कॅर’चा भरवसा. जीसीसीमध्ये इंटेल यंत्रांवर नुसता ‘कॅर’ चिन्हांकित, तर आर्म लिनक्सवर चिन्हरहित धरला जातो. घरच्या संगणकावर चाललेला डीबगर आर्म बोर्डवर चुकतो, त्याचे हे सर्वांत सामान्य कारण.
- मधला चिन्हरहित टप्पा. उणे २० बत्तीस बिटांच्या चिन्हरहित चलात एकदा जरी ठेवले आणि मग चौसष्ट बिटांच्या पत्त्यात मिळवले, तरी ४,२९,४९,६७,२७६ मिळवल्यासारखे होते. आरंभी आणि शेवटी प्रकार बरोबर असून भागत नाही.
- ‘साइजऑफ’ने भागणे. ‘साइजऑफ’चे मूल्य चिन्हरहित असते. ऋण अंतराला त्याने भागल्यास उत्तर अवाढव्य धन संख्या येते. भागण्यापूर्वी ‘साइजऑफ’ चिन्हांकित प्रकारात घ्यावा.
- निरर्थक अटी. चिन्हरहित अंतर शून्याहून मोठे किंवा शून्याइतके आहे काय, ही अट नेहमीच खरी ठरते. उलट, ‘अंतर आकाराहून मोठे असेल तर नाकारा’ ही अट प्रत्येक न्याय्य ऋण अंतर फेटाळते.
- मजकुरातून संख्या वाचणे. सी भाषेतील ‘स्ट्रटोयूएल’ हे फंक्शन उणे चिन्ह नाकारत नाही; ते संख्या चिन्हरहित प्रकारात गुंडाळून देते. चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर ‘लाँग’ चौसष्ट बिटांचा असल्याने बेरीज योगायोगाने बरोबर येते; विंडोजवर तो बत्तीस बिटांचा असल्याने चुकते.
- सर्वांत लहान संख्येचे चिन्ह बदलणे. उणे २,१४,७४,८३,६४८ चे धन रूप बत्तीस बिटांच्या चिन्हांकित प्रकारात मावतच नाही. दाखवण्यासाठी परिमाण काढताना आधी रुंद प्रकारात न्यावे.
- ऋण संख्या डावीकडे सरकवणे. सी भाषेत याची हमी नाही. गुणायचे असेल तेव्हा सरळ गुणाकार लिहावा. योग्य आज्ञा निवडणे हे कंपायलरचे काम.
- अतिदुरुस्ती. चिन्हाचा दोष सापडल्याच्या आनंदात सर्वच अंतरे चिन्हांकित करू नका. ड्वार्फमध्ये चिन्हरहित स्थिरांक मिळवण्याची स्वतंत्र क्रिया आहे, आणि आर्मच्या साध्या लोड-आज्ञेतील बारा बिटांचे अंतर चिन्हरहितच असते. तेथे चिन्ह लावल्यास मोठी धन अंतरे ऋण होतील, आणि नवा दोष जुन्याहून उशिरा सापडेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अंतराची रुंदी पत्त्याच्या रुंदीइतकीच असेल, तर बेरजेला चिन्ह कळत नाही आणि त्याचे काही बिघडतही नाही. चौसष्ट बिटांच्या प्रोग्रामातील आभासी कोष्टकाचे अंतर चिन्हरहित वाचले तरी अंतिम पत्ता बरोबरच येतो. अशा ठिकाणी दोष केवळ तुलना, भागाकार आणि प्रदर्शन यांतच प्रकट होतो. म्हणून पत्ता बरोबर आला, एवढ्यावरून वाचन बरोबर आहे असा निष्कर्ष काढू नये.

७. दुरुस्ती रुजू करण्यापूर्वीच्या कसोट्या

प्रत्येक रुंदीसाठी शून्य, अधिक एक, उणे एक, सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान अशी पाच मूल्ये तपासावीत. आठ बिटांसाठी टोके १२७ आणि उणे १२८. सोळासाठी ३२,७६७ आणि उणे ३२,७६८. बत्तिसांसाठी २,१४,७४,८३,६४७ आणि उणे २,१४,७४,८३,६४८.

ड्वार्फच्या बदलत्या लांबीच्या संख्यांची खरी परीक्षा लांबी बदलते त्या सीमेवर होते. ही चार मूल्ये अवश्य घ्या :

- ६३ : एक बाइट, ‘३एफ’.
- ६४ : दोन बाइट, ‘सी० ००’.
- उणे ६४ : एक बाइट, ‘४०’.
- उणे ६५ : दोन बाइट, ‘बीएफ ७एफ’.

यांशिवाय, जीसीसीला एकदा ‘कॅर’ चिन्हांकित व एकदा चिन्हरहित धरण्यास सांगून आपला डीबगर दोनदा बांधा. दोन्हींचे निकाल तंतोतंत सारखे आले पाहिजेत. जवळ आर्म बोर्ड नसताना ती चूक पकडण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. कंपायलरच्या चिन्हबदलाविषयीच्या सूचना चालू ठेवा, आणि अनिश्चित वर्तन पकडणाऱ्या सॅनिटायझरसह कसोट्या चालवा. जीडीबीतच फेरफार करत असाल, तर त्याच्या डेजाग्नू-आधारित कसोटी-संचात हवे ते ड्वार्फ बाइट हाताने रचण्याची सोय आहे. कोणताही कंपायलर सहसा निर्माण करणार नाही अशी टोकाची नोंदही तेथे घडवता येते.

८. आपले हक्क आणि त्यांच्या मर्यादा

पुष्कळ वाचक विचारतात की, दुसऱ्याने लिहिलेल्या डीबगरात किंवा प्रोग्रामात असा हात घालण्याचा अधिकार आपल्याला आहे काय. उत्तर त्या त्या प्रसंगावर अवलंबून आहे.

- जीडीबी हा रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये प्रथम लिहिलेला डीबगर जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सखाली आहे. तो वापरणे, अभ्यासणे, बदलणे आणि वाटणे हे आपले हक्क आहेत. बदललेली प्रत केवळ स्वतः वापरल्यास कोणालाही काही देणे लागत नाही. ती इतरांना दिल्यास मात्र बदललेला सोर्स कोड त्याच अटींवर उपलब्ध करून द्यावा लागतो.
- एलएलडीबी हा डीबगर एलएलव्हीएम प्रकल्पाचा भाग असून अपाचे २.० परवान्याखाली, काही अपवादांसह, मिळतो. येथे बदल प्रसिद्ध करण्याची सक्ती नाही; मूळ सूचना व परवाना मात्र कायम ठेवावे लागतात.
- बंद स्वरूपाचा प्रोग्राम तपासत असाल, तर भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ५२ मधील तरतुदी वाचा. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याने, तो प्रोग्राम ज्या कामासाठी पुरवला गेला ते काम करत असताना, त्यामागील कल्पना व तत्त्वे जाणण्यासाठी त्याचे निरीक्षण व चाचणी करणे हे तेथे उल्लंघन मानलेले नाही. स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम इतरांशी जुळवून घेण्यासाठी अत्यावश्यक, आणि अन्यथा सहज न मिळणारी, माहिती काढण्यासही तेथे वाव आहे.
- नोकरीच्या ओघात लिहिलेल्या कोडचा प्रथम मालक, वेगळा करार नसल्यास, त्याच कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरी देणारी संस्था असते. कार्यालयात केलेली दुरुस्ती मुक्त प्रकल्पाकडे पाठवण्यापूर्वी लेखी मंजुरी घ्या. जीडीबीसारखे प्रकल्प मोठ्या योगदानासाठी हक्कांविषयी कागदपत्रे मागू शकतात. मसुदा पाठवण्याआधी त्यांचे चालू नियम पाहून घ्या.
- दुसऱ्याच्या संगणकावरील प्रक्रियेस परवानगीविना डीबगर जोडणे हा वेगळाच मामला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचे कलम ४३ विनापरवाना प्रवेशाविषयी आहे. प्रयोग स्वतःच्या यंत्रावर करा.

९. अभ्यासासाठी जवळचे आधार

या विषयात महाराष्ट्राचा हात रिकामा नाही, हे वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. नागपूरचे यशवंत कानेटकर यांची ‘लेट अस सी’ आणि पॉइंटरवरील पुस्तके अनेक विद्यार्थ्यांच्या पहिल्या पायरीची ठरली आहेत. पवईच्या आयआयटी मुंबईत अध्यापन केलेले प्रा. धनंजय ढमढेरे यांचे सिस्टिम्स प्रोग्रामिंगवरील पाठ्यपुस्तक लोडर, लिंकर आणि पत्त्यांचे व्यवहार यांची बैठक पक्की करते. त्याच संस्थेत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरने कंपायलरच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या. पुण्यातील केपीआयटीने रेनेसास कंपनीच्या मायक्रोकंट्रोलरांसाठी जीएनयू साधनांचे संच तयार करून ते उपलब्ध करून दिले होते. डीबगर आणि कंपायलर ही परदेशी लोकांनी लिहायची आणि आपण नुसती वापरायची वस्तू आहे, हा समज या कामाने केव्हाच खोटा ठरवला आहे.

म्हणून आपल्या डीबगरातील दोष सापडला की केवळ आपल्यापुरता तो बुजवून पुढे जाऊ नका. वाचनस्थळांचा तक्ता कोडशेजारी ठेवा. चूक दाखवणारी कसोटी प्रथम रुजू करा, ती अपयशी होते याची खात्री करा, मग दुरुस्ती करा. आणि बदलाच्या नोंदीत कोणत्या रुंदीचे, कोणत्या चिन्हाचे आणि कोणत्या पायापासूनचे अंतर होते, ते एका वाक्यात लिहा. त्या एका वाक्यामुळे आपल्यानंतर ती फाइल उघडणाऱ्या माणसाला हीच वजाबाकी पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार नाही.